पुढं ओढलेली सीट

(फैजपूरजवळचं घर, अंगणात निंबाखाली छोटी जुनी गाडी. ती विकायला काढणारे उखर्डूनाना, घेऊ पाहणारी जळगावची हर्षिता. नानांच्या पत्नी बेबाबाई दारात.)

हर्षिता : ...म्हणून पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत धाडकन उतरते, नाना. पुढं हळूहळू. दहा वर्षं उलटली की साल कमी बघतात, गाडी कशी ठेवलीय ते जास्त.

नाना : मंग पाह्य ना. एकाच हाताची हाये. माह्या.

हर्षिता : कागदपत्रं चोख आहेत. पत्रा कुठं ठोकलेला नाही. बारा वर्षं झाली, म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा पासिंग, तो खर्च मी किमतीतून कापणार. एकच विचारते. गाडी दिवाळीपासून बंद आहे म्हणालात ना?

नाना : हो. डोयात काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हने, आता गाडी चालवू नका. तवापासून किल्लीले हात नही लावला. नुसती उभी पाहून जीव जळते, म्हनून काढतो.

हर्षिता : मग बॉनेट गरम कसं?

नाना : उन्हानं.

हर्षिता : गाडी सावलीत आहे. राग मानू नका, पण आमच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात पप्पांनी हेच शिकवलंय, शंका आली की तोंडावर विचारायचं. थंड इंजिन लवकर चालू होत नसेल, तर काहीजण गिऱ्हाईक यायच्या आधीच ते गरम करून ठेवतात.

नाना : पोरी, या वयात तुले फसवून मले काय भेटनार?

हर्षिता : तुम्ही फसवताय असं नाही वाटत. म्हणून तर कोडं पडलंय. तुमच्या मुलानं, जितेंद्रदादांनी, दिवाळीत काढलेल्या फोटोत मीटर एकसष्ट हजार दोनशे आहे. आता एकसष्ट सहाशे. आणि सीट बघा, किती पुढं ओढलीय. तुमचे गुडघेसुद्धा मावणार नाहीत.

नाना : जितेंद्र तं पुन्याले हाये. मंग कोन नेते?

बेबाबाई : चहा घ्या आधी.

नाना : ठेव तिथं. कोन नेते गाडी?

बेबाबाई : मी.

नाना : तू?

बेबाबाई : सकायी तुम्ही भजनाले जाता, तवा. आपली मोहिनी गाडी शिकवते ना, तिच्याजवय शिकली. पक्कं लायसन बी आलं. आज डेअरीवर जाऊन आली.

नाना : अन् मले सांगितलं नही.

बेबाबाई : सांगितलं असतं तं तुम्ही बाजूले बसून शिकवाले लागले असते. मंग मी शिकलीच नसती. तुम्ही जळगावच्या डॉक्टरकडे जानं कायले सोडलं, मले मालूम हाये. एसटीची पायरी दिसत नही.

नाना : गाडी इकाले काढली, तवा तरी बोलाचं.

बेबाबाई : आज बोलनारच होती. ही पोरगी लवकर आली.

हर्षिता : मी निघते, आक्का. एसटी मिळेल अजून.

नाना : थांब. किती धरली होती तू?

हर्षिता : पावणेदोन लाख. पण चालती गाडी आहे, नाना. राहू द्या.

बेबाबाई : चाल, तुले स्टँडवर सोडते.

हर्षिता : मी मागं बसते.

नाना : अन् मी कुठी बसू?

बेबाबाई : इकडे, डाव्या अंगाले. पट्टा लावा.

नाना : याचा खटका कुठी हाये व?

बेबाबाई : थांबा. मी लावते.