दोन्ही बाजूंच्या पायऱ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्री. मल्हारी त्रिभुवनसाहेब, आपल्या मंडळीचे पाळक रेव्हरंड ओहोळसाहेब, आपल्या ग्रीसच्या यात्रेचे चिटणीस श्री. धोंडीराम पारखे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या उपदेशिका सुलाबाई खंडागळे, आणि शरणपूर, देवळाली कॅम्प, ओझर, थेट पेठ तालुक्यातून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

मला भाषणाची सवय नाही. मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुटा भाग मापात आहे की नाही ते पाहायचं आणि तेवढंच सांगायचं, असं माझं काम. आजच्या वक्त्यांत माझं नाव सुलाबाईंनी स्वतः घातलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाकीचे रडतील नायतर फुगवतील. तू कोरडी हायेस, तूच सांग." मी हे कौतुक समजून घेतलं.

तेव्हा सुरुवात दुरुस्तीने करते. पारखेसाहेब आत्ता म्हणाले, यात्रेत आपण यार्देन नदीचं दर्शन घेतलं. पारखेसाहेब, यार्देन तिकडे इस्राएलात, आपल्या मार्गावर नव्हती. ती फिलिप्पैजवळची ओढ्याएवढी नदी होती. समुद्रात वादळ झालं असंही ते म्हणाले. वादळ झालं नाही. समुद्र शांत होता. मंडळी आडवी पडली ती ऑलिव्हच्या तेलातल्या वांग्यांमुळे. प्रेषित पौलाच्या वादळात फुटलेल्या जहाजाशी आपली तुलना तेवढ्यापुरती मागे घ्यावी.

सुलाबाईंची ओळख इथे कुणाला करून द्यायची? तरी रीत म्हणून सांगते. नांदगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर सहादू खंडागळे यांच्या घरी त्यांचा जन्म. माहेरचंच नाव त्यांनी पुढे चालवलं, कारण लग्नानंतर वर्षातच त्या माहेरी परतल्या. मिशनच्या शाळेत शिकल्या आणि बायबलबाई म्हणून कामाला लागल्या. पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवर त्या पायी हिंडल्या. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या बायकांना शिकवून तयार करणं हे त्यांचं मुख्य काम. शेवटी त्या तीन प्रश्न विचारत. भरवसा कुणावर ठेवतेस? काय मागे सोडतेस? आणि तिसरा, कुणाच्या सांगण्यावरून येतेस का? हा तिसरा छापील पुस्तकात नाही, सुलाबाईंचा स्वतःचा आहे. त्याचं उत्तर 'हो' आलं, तर त्या बाईला परत पाठवत. पहिल्या रांगेत बसलेल्या चिमणाबाईंना त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. हो ना, चिमणाबाई? त्या हो म्हणतायत.

माझ्या दृढीकरणाचे, म्हणजे मोठेपणी मंडळीत पक्कं होण्याचे, धडेही त्यांनीच घेतले. मी फार शंका काढते म्हणून मला खिडकीजवळ बसवत, म्हणजे निम्म्या शंका बाहेर जातील.

आता यात्रा. माझ्या आईचं नाव नोंदलं होतं. तिचा पाय मोडला म्हणून तिच्या जागी मी गेले. भक्ती हे कारण नव्हतं, आणि पाळकसाहेबांना ते ठाऊक आहे. विमानाने अथेन्स, तिथून बसने करिंथ, थेस्सलनीका, फिलिप्पै; मग जहाजाने बेटं करत पात्म आणि पलीकडे तुर्कस्तानात इफिस. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या जिथे जिथे उभ्या राहिल्या, तिथे आता बहुतेक ठिकाणी पडके खांब आणि तिकीटघर आहे. सुलाबाई प्रत्येक खांबाला हात लावून पुढे जात. बोलत कमी. आम्हाला वाटलं, दमल्यात.

फिलिप्पैची ती नदी म्हणजे लुदिया नावाच्या जांभळं कापड विकणाऱ्या बाईचा बाप्तिस्मा झाला असं मानतात ती जागा. झाडं आहेत, पाणी वाहतं, काठाला दगडी पायऱ्या आहेत. आमच्यातल्या बायका बाटल्या भरून घेत होत्या. सुलाबाई साडी धरून पाण्यात उतरल्या, पोटरीपर्यंत. पाय धूत असतील, असं वाटलं. मग त्यांनी हाक मारली.

"पाळकसाहेब, जरा हितं या. माझा बाप्तिस्मा करा."

ओहोळसाहेब हसले. "बाई, ऊन लागलं का?"

"ऊन नाशकात बी हाय. माझा झालेला नाय."

यात्रेत त्यांच्या खोलीत राहणाऱ्या कमळाबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "अगं सुला, बाहेर ये, कालची साडी अजून वाळली नाही तुझी." मग वाक्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि त्या गप्प झाल्या. कमळाबाई गप्प झाल्या हे आपण सर्वांनी समजून घ्यावं. या बाबतीत त्या आजपर्यंत गप्प आहेत, म्हणून तर ही गोष्ट मला सांगायला शिल्लक राहिली.

पाळकसाहेबांचं हसू गेलं. ते पाण्याच्या कडेला बसले. म्हणाले, "बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात ते प्रभुभोजन मी तुम्हाला इतकी वर्षं देत आलो. त्याचं काय?"

"ते तुमचं तुम्ही वर गेल्यावर सांगा. माझं मला बघू द्या."

"इथे नाही, बाई."

"का? पाणी कमी हाय?"

"पाणी पुष्कळ आहे. माणसं कमी आहेत."

बसने भोंगा दिला. सुलाबाई बाहेर आल्या, पदर पिळला आणि बसमध्ये चढल्या. त्यांनी बाटली भरली नाही.

खुलासा जहाजावर झाला, डेकवरच्या बाकावर. मी तिथे होते. मला उठ म्हणाल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी वस्तीचा बाप्तिस्मा ठरला, त्याच सुमाराला त्यांना देवी आल्या. शेतातल्या खोपटात त्यांना वेगळं ठेवलं होतं. पाळक टांग्याने आले, बाप्तिस्मे दिले, पुढच्या गावाला गेले. लोक म्हणाले, सहादूच्या घरचे सगळे झाले. आता सुला ही सहादूच्या घरचीच. म्हणजे तीही झाली. कुणी खोटं बोललं नाही. घर मोजलं, माणसं मोजली नाहीत. पुढे दृढीकरण, लग्न, नोकरी, सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"दर वेळी वाटायचं. बाई पाण्यातनं वर यायची, माझ्याकडं बघून हसायची. मी टॉवेल घेऊन उभी. पर आधी शाळा सुटंल म्हणून भ्याले, मग काम सुटंल म्हणून. आन मग त्या बायांसाठी. ज्या बाईनं शिकवलं तीच बाहेरची, असं कळलं तर त्यांना आपलं खरं वाटंल का?"

"त्यांचं खरंच आहे. शिकवणाऱ्यावर ते अवलंबून नाही."

"हे तुम्हाला ठावं, साहेब. डोंगरात चिमणाबाईला कोण सांगंल?"

 पाळकसाहेब म्हणाले, "नाशिकला करू. सगळ्यांसमोर. चोरून केला तर तो बाप्तिस्मा होईल, पण तुमचं ओझं तसंच राहील. आणि माझंही." सुलाबाई उठून केबिनमध्ये गेल्या. पात्म बेटावर त्या खाली उतरल्याच नाहीत.

मी यात सल्ला दिला नाही. मला कुणी विचारला नव्हता.

इफिसजवळच्या टेकडीवर जुन्या चर्चचे अवशेष आहेत. तिथे जमिनीत बाप्तिस्म्याचं कुंड आहे, आता कोरडं. आपल्या चर्चमधलं परातीएवढं आहे, तसं नव्हे. माणूस उभा राहील एवढं. एका बाजूने उतरायला पायऱ्या, समोरच्या बाजूने चढायला पायऱ्या. वाटाड्याने सांगितलं की उमेदवार एकीकडून उतरत आणि दुसरीकडून वर येत. उतरले त्या बाजूने परत फिरत नसत. सुलाबाईंनी मला विचारलं, "हेमे, वर यायच्या बाजूला कोण उभं राहायचं?"

मी वाटाड्याला विचारून सांगितलं, "मंडळी."

त्यांनी त्या पायऱ्या पुन्हा एकदा पाहिल्या. म्हणाल्या, "मग साहेबांचं बरोबर हाय. हितं वर आले तर म्होरं कोण हाय? कमळी आन तू." कमळाबाई, राग मानू नये.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, बाप्तिस्म्याआधी धडे घ्यावे लागतात, माझे कोण घेणार? पाळकसाहेब मी घेतो म्हणाले. त्या नको म्हणाल्या. बाईला बाईनंच तयार करायचं. आणि धडे घ्यायला मला बसवलं. कारखाना सुटला की मी त्यांच्या खोलीवर जाते. त्या मला खिडकीजवळ बसू देत नाहीत, तिथे आता त्या बसतात. परवा शेवटी मी तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला म्हणाल्या, "ह्या वयात मला कोण सांगणार? तूच रोज येऊन बसतेस डोक्यावर." हे उत्तर 'नाही' असं मी धरलं आहे.

पाळकसाहेबांनी वर बिशपांना स्वतः कळवलं आहे. पाणी कुठलं, असं कमळाबाईंनी विचारलं. फिलिप्पैच्या बाटल्या अजून घरोघरी आहेत. सुलाबाई म्हणाल्या, "नळाचं. ते समद्यांना येतं."

आता ही गोष्ट निरोपाच्या दिवशीच का? तेही त्यांचंच म्हणणं. नांदगावला निघून गेल्यावर मागून कुजबूज नको. शाल अंगावर घेतल्यावर सांगणंही नको. आधी सांगायचं, मग ज्यांना द्यायची त्यांनी द्यावी. म्हणून आज क्रम बदलून सत्कार माझ्या भाषणानंतर ठेवला आहे. शाल टेबलावर आहे. नाही दिली, तरी त्यांची तक्रार नाही. येत्या रविवारी सकाळच्या उपासनेला मात्र या. आज आपण मंडळीच्या सर्वांत जुन्या सेविकेला निरोप देतो आहोत. रविवारी तिलाच नवी सभासद म्हणून आत घ्यायचं आहे. मी त्यांची साक्षीदार म्हणून उभी राहीन. एका माणसाने वर यायची ती बाजू भरत नाही, एवढंच सांगते.

मला जेवढं सांगायला दिलं होतं तेवढं झालं. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची, सभागृह दिल्याबद्दल पंचकमिटीची, आणि मध्ये कुणी उठून गेलं नाही याबद्दल आपणा सर्वांची मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, मोठ्या माणसांचा मान राहिला नसेल, तर...

चिमणाबाई, जरा थांबा. अजून सत्कार सुरू व्हायचा आहे. तुम्ही खाली...

बरं.

अध्यक्षमहोदय, कार्यक्रमपत्रिकेत शाल आपल्या हस्ते असं छापलं आहे. चिमणाबाईंनी ती टेबलावरून उचलली आहे आणि सुलाबाईंच्या खांद्यावर घातली आहे. ही चूकही माझ्याच पदरात घालून मला क्षमा करावी.