तीन नंबरवरून चार नंबरवर गेलेली गोळी

नाव: कोरी ट्रेगेन्झा. वय: २२ वर्षे. धंदा: गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याचे काम. शिक्षण: नववी पास. राहणार: कोठारामागची गल्ली, वॉलंगा, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

मी आज ठाण्यात आपणहून हजर झालो असून, सीनियर कॉन्स्टेबल फॉक बाईंच्या परवानगीने हा जबाब माझ्याच अक्षरात लिहितो तो असा की,

मी वॉलंगा रायफल क्लबाचा नवशिका सभासद आहे. बंदूक क्लबाची आहे. परवाना माझा आहे. क्लबात का गेलो असे बाईंनी विचारले. तिथे पालथे पडून वारा दाखवणारी निशाणे बघायची, श्वास धरायचा आणि मग चाप ओढायचा असतो. कोणी घाई करत नाही. म्हणून गेलो.

मागील शनिवारी आठशे यार्डांवरून नेमबाजी होती. मला तीन नंबरचे टार्गेट होते. शेजारी श्री. क्लेम नाइटली यांना चार नंबरचे होते. मध्येच वारा पडला. निशाणे खाली आली. वारा परत सुटण्याआधी मारावे म्हणून मी नंबराची पाटी न बघता गोळी सोडली. तेव्हा माझे टार्गेट जागचे हलले नाही आणि चार नंबरचे खाली गेले. श्री. नाइटली यांनीही त्याच वेळी गोळी मारली होती.

टार्गेटांच्या खंदकात त्या दिवशी बेव्ह पास्को काकू होत्या. गोळी लागली की टार्गेट खाली ओढून भोके बघायचे काम त्यांच्याकडे होते. त्या वायरलेसवर म्हणाल्या, "चारवर दोन भोकं आहेत. एक मधोमध, एक कडेला. कुणाचं पोर भरकटलंय?"

मी लगेच हात वर करून ती माझी आहे असे सांगितले. क्लबाचे कॅप्टन श्री. मर्व्ह शुल्त्स यांनी नियमाप्रमाणे मधोमधची गोळी श्री. नाइटली यांना दिली आणि मला शून्य दिले. दोन्हींपैकी माझी कोणती हे सांगता येत नाही. मी ती मागितलेली नाही.

शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी घालणाऱ्याने चहाच्या वेळी गळ्यात गायीची घंटा बांधून बसायचे, अशी आमच्या क्लबाची जुनी रीत आहे. ती घंटा श्री. शुल्त्स यांनी स्वतः माझ्या गळ्यात बांधली. ते म्हणाले, "घे रे नवरदेवा, मान पुढे कर."

श्री. नाइटली म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी मारलीस की रे. पुढच्या खेपेला स्वतःच्या घरी मार."

सगळे हसले. मीही हसलो. चहा संपेपर्यंत घंटा काढली नाही.

त्यानंतर टार्गेटांमागच्या टेकडीपलीकडचे शेतकरी श्री. मॅटनर यांच्या पाण्याच्या टाकीला त्याच दुपारी गोळीचे भोक पडल्याची तक्रार आली. काल श्री. शुल्त्स कोठारावर आले. माझी ती शून्याची गोळी टेकडीवरून गेली असे लिहून आणलेला कागद त्यांनी सहीसाठी पुढे केला.

"तू नवा आहेस, पोरा. नव्याला सगळे माफ करतात," ते म्हणाले. "क्लब बंद पडला तर आम्ही म्हाताऱ्यांनी शनिवारी काय करायचं? घरी भांडी घासायची?"

माझा परवाना जाईल असे मी म्हणालो. वर्षभराने परत मिळवून देऊ, असे ते म्हणाले.

मी विचारले, "मग घंटा कशाची बांधलीत?"

ते कागद घेऊन निघून गेले.

टेकडीवरून गेलेल्या गोळीला घंटा नसते. तशी गोळी गेली की तिथल्या तिथे नेमबाजी थांबवतात. त्या दिवशी थांबवली नव्हती. माझी गोळी चार नंबरवर होती. पास्को काकूंना विचारावे. श्री. नाइटली यांनाही विचारावे. श्री. नाइटली यांनी अजून काही सांगितलेले नाही असे कळते.

टाकीतली गोळी कोणाची हे मला माहीत नाही. मी अंदाजाने कोणाचे नाव घेणार नाही. चौकशी संपेपर्यंत परवाना आपखुशीने जमा करता का, असे बाईंनी विचारले. नाही. कायद्याने काढून घेतला तर देईन. या शनिवारी हजार यार्डांवरून नेमबाजी आहे. मी जाणार आहे. मला पालथे पडायला जागा दिली नाही, तर खंदकात उतरून टार्गेटे ओढीन.

वरील मजकूर फॉक बाईंनी मोठ्याने वाचला. मी ओळींवर बोट ठेवून ऐकला. मी लिहिले तेच यात आहे, कमी नाही आणि जास्त नाही. श्री. शुल्त्स यांच्या कागदावर मी सही केलेली नाही. सही येथे करत आहे.

कोरी ट्रेगेन्झा