वरच्या मजल्यावरचा पहिला धडा

...नाही, पण मी खोटं बोललो कुठे, ते तरी सांगा ना! एक अक्षर खोटं नाही. मी त्या माणसाला तोंडावर, चांगल्या इंग्रजीत सांगितलं की मला इंग्रजी येत नाही. आता ते इतकं झकास सांगितलं की त्याला पटेचना, हा काय माझा दोष? तुम्हाला सांगतो, उच्चार माझा खणखणीत!

आता म्हणाल, टेलरला इंग्रजी कुठून? तर माझ्या दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर इंग्रजीचा क्लास. मध्ये नुसत्या लाकडी फळ्या, त्यांना फटी अशा की वर मॅडमनी फळा पुसला की खाली माझ्या काळ्या कापडावर खडूची भुकटी. दर महिन्याला नवी बॅच, आणि मॅडमचा पहिला धडा ठरलेला, आपण भाषा शिकतोय हे इंग्रजीत सांगायचं कसं. मॅडम म्हणणार, "आय ॲम स्टिल लर्निंग." वर सगळी पोरं ओरडणार, "आय ॲम स्टिल लर्निंग!" खाली मी काजं करता करता, "आय ॲम स्टिल लर्निंग." मग "माय इंग्लिश इज अ बिट रस्टी," म्हणजे जरा गंज चढलाय. "आय कॅन गेट बाय," म्हणजे कसंबसं भागतं. "आय पिक्ड इट अप ॲट वर्क," म्हणजे काम करता करता उचललं. आणि दुसरा धडा? देव जाणे! दुसरा धडा येईपर्यंत बॅच गळून जायची, की मॅडम नवी पोरं गोळा करून पुन्हा पहिल्यापासून. अहो, वर्षानुवर्षं पहिलाच धडा! माझ्या मशीनलासुद्धा पाठ असेल.

तर आमच्या पोरानं मुलगी पसंत केली. गुणाची, हसतमुख, पण परमुलखात वाढलेली, घरात सगळं इंग्रजीच. तिचे वडील दातांचे डॉक्टर. ते पोराला म्हणाले, "मुलगा म्हणून तू ठीक आहेस. पण तू दिवसभर कामावर. त्या घरात माझ्या मुलीशी बोलणार कोण?" चुकलं काय हो त्यांचं? बापाचं काळीज आहे. पण इकडे आमचा पोरगा जेवेना. ताटावर बसायचा आणि भात चिवडत राहायचा. मला बघवेना. म्हटलं, "बोलाव त्यांना. बोलणार कोण म्हणे! मी आहे ना." तर बायको म्हणते, "तुम्ही? माझ्याशी तरी कधी बोलता का?"... जाऊ दे.

आले डॉक्टर, लेकीला घेऊन. सोफ्यावर बसले, चष्मा पुसला. "यू स्पीक इंग्लिश?" मी म्हटलं, "जस्ट अ लिटल. आय ॲम स्टिल लर्निंग." भुवया वर! मग त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मी डगमगतोय होय? "सॉरी, आय ॲम अ बिट रस्टी." खो खो हसले. मग म्हणाले, "व्हेअर डिड यू लर्न?" अहो, हे तर धड्यातलंच! "आय पिक्ड इट अप ॲट वर्क." संपलं. डॉक्टर लेकीकडे वळून काहीतरी बोलले. पोरगा जमिनीकडे बघत मला हळूच सांगतो, "बाबा, ते म्हणतायत, एवढं इंग्रजी येऊनही माणूस किती नम्र." मी घाबरलो. म्हटलं, "नो नो, रिअली, आय ॲम अ बिगिनर." तर त्यांनी उठून मिठीच मारली. डोळे भरले होते हो त्यांचे. माझेही भरले. त्यांच्या कोटाचा खांदा सैल आहे हे माझ्या हाताला लागलं, सांगणारही होतो, पण ते पहिल्या धड्यात नव्हतं. पण तुम्हाला सांगतो, उच्चार माझा खणखणीत!

लग्न झालं. सूनबाई आली. आणि माझी बायको, जिला इंग्रजीचा गंध नाही, तिनं पोरीचा हात धरून स्वयंपाकघरातच नेलं. "हे मीठ. हा झारा. हे बाहेर पेपर वाचतायत ते तुझे सासरे." बघता बघता पोरगी घडाघडा मराठी बोलायला लागली हो! आता दोघींच्या गप्पा संपत नाहीत. शेजारीण येते, पोरगा येतो, टाळ्या काय, खिदळणं काय...

आणि माझ्याशी? माझ्याशी फक्त इंग्रजी! का, तर "बाबांना आवडतं." मी दुकानातून येतो, सगळे पोट धरून हसत असतात, मी विचारतो, "काय गं, काय झालं?" की ती लगेच हसू आवरून, अगदी आदरानं, अख्खा विनोद मला इंग्रजीत समजावते. परवा म्हटलं, "सूनबाई, देवाशपथ सांगतो, मला इंग्रजी येत नाही गं." तर सासूकडे बघून म्हणते, "आई, बाबा किती नम्र आहेत ना?" आणि आई? पदर तोंडाला लावून आत पळाली!

व्याह्यांची काळजी मिटली. त्यांच्या मुलीशी बोलायला अख्खं घर आहे. आता त्या घरात माझ्याशी बोलणार कोण, ते सांगा...

उच्चार मात्र खणखणीत आहे हो.