एका दाताची खूण

नाही नाही, आधी पिशवी उलटी करून दाखवा — रागावू नका, तुम्ही साप पकडणारे, तुमच्या पिशवीत साप असायचाच, पण तो आमच्याच घरात निघाला हे मला कसं कळायचं? — बरं, रिकामी आहे. या. चपलांच्या मांडणीत बघा, सगळ्यात खालचा कप्पा. तिथेच शेपूट आत सरकलं, तपकिरी, बारीक — मी इकडे हॉलमध्ये इस्त्री करत होते, बाळ मांडणीपलीकडे पॅसेजमध्ये चटईवर — हो, मांडणी दोन्हीकडून उघडी, माझीच हौस. धावत जाऊन उचललं तर चटई सोडून फरशीवर आलेलं. दचकून घसरलं असणार. रांगतंय कुठे अजून? ठेवाल तिथे बसतं.

जरा जपून, काठी हळू घाला — तिथे त्याचे बूट आहेत. मोकॅसिन म्हणतात त्याला. तळ आणि बाजू एकाच मऊ चामड्याच्या, घोट्याशी वादी ओवलेली. मोठ्या जाऊबाईंनी शिवलेत, वरच राहतात त्या — स्वतःची चांगली पर्स कापून. आता तुम्हीच सांगा, धडधाकट पर्स उगाच कुणी कापतं? मूलबाळ नाही त्यांना. मी कामावर गेले की त्याच सांभाळतात — म्हणजे पायात बूट त्यांचे, तोंडात घास त्यांचा, मग माझं उरलं काय? शब्दकोश काढला मी. मोकॅसिन, मऊ बूट. आणि दुसरा अर्थ, कुठल्याशा दूरच्या देशातला पाणथळीतला विषारी साप. हसा, हसा. दोन पदव्या घेतलेली बाई मी, पण त्या दिवसापासून बूट खालच्या कप्प्यात. तो साप आपल्याकडे नसतो ना? — हं. मीही मनाला तेच सांगत होते.

आणि काल म्हणतात कशा, "अगं, रांगायला लागलाय लबाड, खाली काही ठेवत जाऊ नकोस!" — म्हणजे पहिलं रांगणं काकूपुढे, आईपुढे नाही? तिडीकच गेली डोक्यात. आज सकाळी सांगून टाकलं, सोमवारपासून पाळणाघरात ठेवतेय म्हणून. का, कशाला, काही नाही. नुसतं 'बरं' म्हणाल्या. असं 'बरं' म्हणणाऱ्या माणसांचंच मला —

सापडला? — ही तर वादी. बुटाची. अहो, पण हलली होती ती! मी काय वेडी आहे? — ओली? ओली कशाने होईल, तिथे पाणी कुठलं... इकडे द्या. चावलीय. ही बघा, एकाच दाताची खूण.

एकच दात आलाय हो त्याला.

म्हणजे पलीकडून ओढत होतं. चटईवरून तिथवर गेलं — आपलं आपण.

बाळ कुठाय? बाहेर, जिन्यात. जाऊबाईंपाशी. मी किंचाळले तशा अनवाणी धावत खाली आल्या, आणि मी सरळ त्यांच्या हातात — विचारसुद्धा नाही केला, बघा. साप दिसला म्हटल्यावर मूल कुणाकडे दिलं मी?

नको, काही बोलू नका. झालं तुमचं काम, या आता. आणि हे बूट — हे जाताना त्यांच्या हातात द्या. म्हणावं, घाला त्याला. छे, मी नाही येत. दार तेवढं उघडं राहू द्या.