एका डब्यात किती कोस

देशमुखांची नवी मोटार पाण्यासाठी चौसाळ्याच्या विहिरीवर थांबली. तिला बघून दमणीवाल्या बद्रीनाथच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. बैल पाजताना त्याचे कान तिकडंच होते. पाणी शेंदणारा गहिनीनाथ ड्रायव्हरला विचारत होता,

“पेट्रोलच्या एका डब्यात किती जाती ही?”

“सरकार सांगतेत वीस कोस. खरं तर आठ बी न्हाई.”

“मंग नारायणगडच्या जत्रेला कशी पोचंल?”

“डबे बैलांवर पुढं धाडतो की.”

बद्रीनाथला राहवलं नाही.

“माझे बैल चार पेंढ्या कडब्यात गड गाठतेत! दरसाली सरकार माझ्याच दमणीत बसून जायचे.”

“मंग औंदा दमणी रिकामीच?” गहिनीनाथनं विचारलं.

“न्हाई. सरकारांच्याच गादीवर डबे बसवलेत.”