सागवानी गच्चीला तेलाचा पहिला हात

हॅलो? … हॅलो, कडूबाई? … बोल, बोल. येतंय ऐकू. … नाय गं, अजून दुकानातच हाय मी, मोंढ्यात. … अगं निघते ना! ब्रश काय भाजी हाय का, उचलला अन् टाकला पिशवीत?

किती वाजले गं? … दीड? मंग लई वेळ हाय. चारला येतो म्हणले ना साहेब.

अगं, माझा जीव नुसता खाली-वर व्हायलाय! विहिरी आटल्या तवा गंगापूरहून आलो आपण. सहा वर्षं झाली कडूबाई, सहा! तात्यासाहेब ठेकेदाराकडं नुसता पॉलिश पेपर घासला. ब्रश धरला का कधी हातात? … धरू दिला का? ‘बायांनी घासायचं, हात मारायचं काम मिस्त्रीचं.’ … व्हय, तस्सच बोलायचा, पान चघळत चघळत. अन् आज त्याची माणसं हाटेलच्या कामावर पळाली, तर घरमालक हेमचंद्र साहेब सोताच्या तोंडानं म्हणले, तुम्ही दोघी गच्चीचा एक कोपरा तेल लावून दाखवा. … व्हय, व्हय. नाय पटला तर पुन्हा तात्यासाहेब. अन् आपण पुन्हा पेपर घासायला. म्हाईत हाय मला. म्हणून तर एवढं निवडायले!

ऐक ना. … अगं ऐक तर. दुकानदार भाईजान म्हणायलेत रोलर घ्या, लांब दांड्याचा. उभ्या उभ्या होतं, कंबर मोडत नाय. … मी बी आधी तेच म्हणलं. पण गच्चीच्या फळ्या कशा हायेत? दोन फळ्यांत करंगळी जाईल एवढी फट. रोलर वरून वरून जाईल, फटीत तेल उतरायचं नाय. अन् पाऊस पडला, पडला तर म्हणते मी, तर पाणी तिथूनच शिरतं लाकडात.

स्प्रे? … दाखवला ना तो बी. पिचकारीवानी. घंट्याभरात सगळी गच्ची, म्हणं. … अगं पण वारं बघ ना कसलं सुटलंय! अर्धं तेल साहेबांच्या खिडकीच्या काचेवर, अर्धं खालच्या गाड्यांवर. धुवायला पाणी कुठून आणायचं? तिथं टँकर आला की लोक भांडायलेत. … हां, तेच. नक्को बाई.

भाईजान, वो नायलॉन का नक्को, बोली ना मैं. वो बालोंवाला दिखाओ. हां, चार इंची.

कडूबाई, हायेस ना? … अगं याचे केस बघ! खऱ्या जनावराचे हायेत म्हणं. तेल पितो, धरून ठेवतो अन् हळूहळू सोडतो. नायलॉनचा पाण्याच्या रंगाला चांगला, तेलाला हाच. तात्यासाहेबांचा मिस्त्री असाच ब्रश कापडात गुंडाळून ठेवायचा, याद हाय का? … तोच! हात लावला तर खेकसायचा. … मी ओढून बघितला, एक केस नाय निघाला! मला तर त्याचा मुका घ्यावा वाटायलाय. … हास, हास. बायपासला रोज एक नवी इमारत उठायलीय, अन् ज्याला त्याला गच्चीवर लाकूड टाकायची हौस. आज आपलं जमलं ना, तर मरेपर्यंत काम सरायचं नाय.

बरं, तू काय करायलीस? … झाडून झालं? फटीतला भुसा निघाला सगळा? … शाब्बास.

काय? … काय केलंस म्हणलीस? … तेल लावायला सुरू केलंस? … कशानं? … धुडक्यानं? कंचं धुडकं? … जुन्या लुगड्याचं. … अगं पण मी ब्रश आणायले ना! … बसवंना झालं. बसवंना झालं म्हणं हिला!

थांब, थांब. हात कसा फिरवला? … कसा? … सारवल्यासारखा? अरे देवा! कडूबाई, ते आंगण हाय का शेणानं सारवायला! … सवय हाय म्हणून काय झालं! … दिसायलेत का ते अर्धे गोल? … काळे काळे? … किती फळ्या? … सहा! अगं माय, माय, माय.

नाय, ओरडत नाय मी. घाबरू नको. … भाईजान, कुछ नहीं हुआ, लकडी का मामला है.

ऐक. किती वेळ झाला लावून? … दहा मिनटं. उनात हाय का सावलीत? … भिंतीच्या सावलीत. वाचलो! उनात असतं तर आतापर्यंत चिकटून बसलं असतं. बोट लावून बघ. … नुसतं ओलं? चिकट नाय? … बरं झालं. आता फोन स्पीकरवर टाक अन् खाली ठेव. कोरडं धुडकं घे. … मंग दुसरं फाड! … लाकडाच्या रेषा दिसतात ना, लांब लांब? एका टोकाला बस अन् रेषेरेषेनं दुसऱ्या टोकापर्यंत पुसत जा. दाबून. मधी थांबायचं नाय, गोल नाय, आडवं नाय. … झाली एक? … दुसरी घे. जिथं फिकं वाटतंय तिथं थोडं तेल, अन् पुन्हा रेषेनंच. …

… सहा बी झाल्या? लई चाललाय बाई तुझा हात! … काय? गेले गोल? … खरं सांग. … खाली बसून तिरपं बघ. … गेले! अन् रंग? … मधावानी? अगं बाई! भाईजान, शहद के जैसा रंग आया बोल रही!

अन् ते भिजलेलं धुडकं बोळा करून टाकू नको हां. पसरून ठेव, एकेक. तेलाचा बोळा आपोआप पेट घेतो. … खरंच, मिस्त्रीच्या तोंडून ऐकलंय.

काय झालं? … कडूबाई? … कोण आलं? … आत्ताच? चारला म्हणले होते की! … काय बोलायलेत? … नुसतंच बघायलेत? … वाकून? … अगं तू बोल ना काही! … माझ्याशी? नको, त्यांना फोन नको देऊ, मी काय बोल…

हॅलो? … नमस्कार साहेब. … व्हय, मी दीपमाला. … नाय साहेब, ब्रश घ्यायलाच आले मी. ते कडूबाईनं कपड्यानं केलंय. … साहेब, खोटं नाय बोलत, पहिला हात चुकला. गोल फिरला. मंग पुसून घेतला. … एक गोल राहिलेला दिसला तुम्हाला? कुठं? … भिंतीला लागून. व्हय, तिथं हात पोचला नसंल तिचा. तेवढं वाळलं की बारीक पेपरनं घासून पुन्हा लावते. … नाय साहेब, वरून दुसरा हात मारून झाकायचं नाय. झाकलेलं पावसानं उघडं पडतंय. … फटीत ब्रशनं, वरून कपड्यानं. दोन्ही लागतंय. … उद्या सकाळी, ऊन चढायच्या आधी. …

… काय म्हणले? … सगळी गच्ची? … अन् खालचा व्हरांडा बी? … गेटवरचा पास? त्यावर ‘तात्यासाहेबांची माणसं’ लिवलंय. … आमची नावं? लिहा ना साहेब. दीपमाला अन् कडूबाई. … काम? … हेल्पर नका लिहू साहेब. मिस्त्री लिहा. दोघींच्या बी पुढं, मिस्त्री. … मेहरबानी साहेब, लई मेहरबानी. … द्या, फोन द्या तिला.

कडूबाई! ऐकलंस का? … अगं बोल की! … हॅलो? … आवाज काहून असा यायलाय? … येडे, रडायलीस? … रड बाई, रड, मी बी रडायले इथं, सगळं दुकान बघायलंय. … पण बसलीस कुठं तू? … त्याच फळ्यांवर? अगं ऊठ! तेल ओलं हाय अजून, डाग पडतील, ऊठ आधी! … उठलीस? … जिन्यात गेलीस? … हां. आता रड. येतेच मी.