आशी म्हणजे ऐंशी

(जानेवारी २०२३. धायरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रविवारची जेवणं उरकली आहेत. भीमराव लष्करातले निवृत्त हवालदार, वय पंचाहत्तर, पण खुर्चीत अजूनही ताठ बसतात. बायको चंपा शेंगा सोलतेय. नात मैत्री हडपसरच्या आयटी कंपनीत आहे. तिच्या मांडीवर लॅपटॉप आहे आणि चेहऱ्यावर बारा वाजलेत.)

भीमराव: केटी म्हणजे नापास ना? तुझ्या बापाला इंजिनिअरिंगला दोन लागल्या होत्या.

मैत्री: ती केटी वेगळी हो, आजोबा. ही नॉलेज ट्रान्सफर. समोरच्याकडून त्याचं सगळं काम समजून घ्यायचं.

भीमराव: आणि मग?

मैत्री: मग काम आपल्याकडे आणि तो घरी.

चंपा: म्हंजे शेवटी नापासच की.

भीमराव: कोण जाणार घरी?

मैत्री: ओक्साना आणि तिचे दोघं. आमची युक्रेनची टीम, खारकीव्हची. तुम्ही तिला व्हिडिओ कॉलवर 'जय भीम' म्हणाला होतात, आठवतं?

भीमराव: 'जय बीम' म्हणाली होती ती. कोट घालून जिन्याखाली बसलेली.

मैत्री: तीच. वरच्या खोलीच्या खिडक्यांना काचा राहिल्या नाहीत, म्हणून जिन्याखाली. वीज गेली की तिचं नेट जातं. मग तिचं काम मी उचलते आणि वीज आली की ती परत घेते. ऑक्टोबरपासून असंच चाललंय.

चंपा: म्हनून दिवाळीत करंज्या माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून बसली व्हतीस व्हय!

भीमराव: मग आताच काय बिघडलं?

मैत्री: क्लायंट घाबरला. म्हणतो, सगळं काम पुण्याला हलवा. श्यामसुंदर सरांनी, आमच्या मॅनेजरनी, मला विचारलंय की खारकीव्हच्या टीमवर अवलंबून राहता येईल का? उद्या सकाळपर्यंत लेखी सांग. त्यांच्याबरोबर रोज मीच असते, म्हणून माझा शब्द चालणार.

भीमराव: आणि तू 'नाही' लिहिलंस तर?

मैत्री: तर केटी मी घ्यायची. मी टीम लीड आणि ते तिघं घरी. तिचा नवरा आघाडीवर आहे, आजोबा. त्याच्या तुकडीचे बूट, बॅटऱ्या, औषधं, सगळं हीच पगारातून पाठवते. सरकार पोचेल तेव्हा पोचेल, ही आधी पोचते.

चंपा: आन् 'हो' लिवलंस तर?

मैत्री: तर लीड विसरायचं. आणि उद्या काही चुकलं की खापर माझ्या डोक्यावर.

भीमराव: काय लिहिलंयस ते वाच.

मैत्री: इंग्रजीत आहे, मराठीत सांगते. 'ओक्सानाची टीम हुशार आणि मेहनती आहे. त्यांच्याविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे. पण सध्याची परिस्थिती पाहता थोडं काम त्यांच्याकडे ठेवावं आणि बाकीचं टप्प्याटप्प्यानं पुण्यात आणावं.'

चंपा: ब्येस लिवलंय. कुनाला लागंल असं काय बी न्हाय त्यात.

भीमराव: हं.

मैत्री: काय 'हं'?

भीमराव: काही नाही. चाळीस गोळ्यांची मेल आहे.

मैत्री: कसली मेल?

चंपा: झालं! आता बांगलादेश निघनार. मी आपली भांडी घासून घेते.

भीमराव: बस गं. हे तुलाही सांगितलेलं नाही.

चंपा: लगीन झाल्यापास्नं दुसरं ऐकलंय काय मी?

भीमराव: तू ऐकलंस ते जिंकल्याचं. हे त्याच्या आधीचं.

मैत्री: सांगा, आजोबा.

भीमराव: एकाहत्तर साल. त्रिपुराच्या हद्दीवर आमचा कॅम्प. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. पलीकडून पोरं यायची, कॉलेजातली, शेतावरची, घरदार जळालेली. तीन आठवड्यांत त्यांना रायफल शिकवायची आणि परत पलीकडे सोडायचं. आम्ही मात्र हद्द ओलांडायची नाही. गोळ्याही वरून ठरलेल्या. आमच्या कॅम्पात माणशी चाळीस.

मैत्री: चाळीसच का?

भीमराव: शिपायानं 'का' विचारायचं नसतं. पण डोळे होते ना मला. चाळीस गोळ्यांत माणूस लगेच मरत नाही आणि जिंकतही नाही. देणाऱ्याचं नाव तेवढं होतं. आता बातम्यांत तेच चाललंय की. युक्रेनला रणगाडे द्यायचे का नाही, दिले तर किती, कधी.

मैत्री: ओक्साना म्हणते, आम्ही किती दिवस लढायचं ते दुसऱ्यांच्या मीटिंगमध्ये ठरतं.

भीमराव: खोटं नाही. लढणारा तोच असतो, जिद्द त्याचीच. ती कुणी बाहेरून पाठवत नाही. पण आज पूल धरायचा का मागं फिरायचं, हे तो गोळ्यांची पेटी उघडून ठरवतो. आणि पेटी असते आपली.

चंपा: तरी बुडत्याला काडीचा आधार आसतोच की.

भीमराव: असतो. फक्त काडी देणाऱ्याला वाटतं, आपण होडी दिली.

मैत्री: आणि पुढे?

भीमराव: महबूब नावाचा पोरगा होता. एकोणीस-वीस वर्षांचा, शाळामास्तरचा मुलगा. नेम असा की मी शिकवायचं काय, त्याच्याकडून शिकावं. ऑक्टोबरात पाच जणांची टोळी पाठवली, पलीकडचा एक पूल उडवायला. नदीच्या घाटावर मी गोळ्या वाटल्या. मला बंगाली यायचं ते आकड्यांपुरतं. कुडी म्हणजे वीस, चोल्लीश म्हणजे चाळीस. गोळ्या मोजण्यापुरती भाषा.

मैत्री: मग?

भीमराव: महबूबनं नावेत पाय ठेवला, वळला आणि म्हणाला, 'आशी, उस्ताद.' आशी म्हणजे ऐंशी. इतर कुणी मागितल्या नव्हत्या, ह्यालाच दुप्पट पाहिजेत! मी डाफरलो. 'आशी कुठून आणू? चोल्लीश! एक जास्त मिळणार नाही.' तो गोंधळून बघतच राहिला. तोवर नाव सुटली.

चंपा: अगं बाई.

भीमराव: पूल उडवला त्यांनी. परत चौघं आले. म्हणाले, नदी ओलांडताना मागून पाकिस्तानी फौज आली. महबूब काठावर थांबला आणि आम्हाला पार होऊ दिलं. शेवटी त्याच्या गोळ्या संपल्या. डिसेंबरात युद्ध जाहीर झालं, तेव्हा आम्ही त्याच घाटानं पलीकडे गेलो. तेव्हा माझ्या एकट्याच्या पट्ट्यात शंभर होत्या. लोकांनी हार घातले. मी मनात एकच म्हणत होतो, पोरगा ऐंशी मागत होता, भीमराव.

मैत्री: आजोबा, तो काय म्हणाला ते परत सांगा. अगदी जसंच्या तसं.

भीमराव: 'आशी, उस्ताद.' एक्कावन्न वर्षं ऐकतोय, चुकायचं नाही.

मैत्री: हसून म्हणाला?

भीमराव: हो. त्याचाच तर राग आला मला.

मैत्री: माझ्या शेजारच्या डेस्कवर सोहिनी बसते, कोलकात्याची. संध्याकाळी बॅग उचलली की रोज म्हणते, 'आशी.' तिनंच मला सांगितलं. ऐंशीलाही आशीच म्हणतात, तुमचं बरोबर आहे. पण आशी म्हणजे 'येतो' सुद्धा. त्यांच्यातही निघताना 'जातो' म्हणत नाहीत. आपल्यासारखंच.

चंपा: अहो... अहो, ऐकलंत का?

भीमराव: ऐकलं.

चंपा: पानी देऊ का?

भीमराव: नको.

मैत्री: तो मागत नव्हता काही, आजोबा. निघताना तुमचा निरोप घेत होता.

भीमराव: आणि मी त्याला आकडा सांगितला.

मैत्री: तुम्हाला कसं कळणार?

भीमराव: कळायला हवं होतं. चार महिने या पोरांबरोबर एका ताटात जेवलो. पण आकडे सोडून एक शब्द शिकलो नाही. देणारे झालो ना आपण, की समोरचा काहीही बोलला तरी मागतोयच वाटतं.

मैत्री: पण आता तरी मनावरचं ओझं...

भीमराव: उतरत नाही गं. गोळ्या चाळीसच होत्या. त्याला सोहिनीचा इलाज नाही.

चंपा: मैत्री, फोनात काय बघतीस? तुझं त्वांड का उतरलं?

मैत्री: ओक्सानाचा मेसेज आला होता. परवा, शुक्रवारी. 'रविवारी दोन मिनिटं बोलू या का?' मी उत्तरच दिलं नाही.

चंपा: का?

मैत्री: वाटलं, नोकरीसाठी गळ घालेल. मला तोंडावर 'नाही' म्हणता आलं नसतं.

भीमराव: म्हणजे तूही आकडाच ऐकलास.

मैत्री: हो.

चंपा: आगं, कदाचित मागंल बी. मागू दे की! मागनं काय पाप हाय? आधी ऐकशील तर खरं.

भीमराव: ऐकलंस? कधी नाही ते तुझी आजी माझ्या बाजूनं बोलली.

चंपा: तुमच्या बाजूनं न्हाय. त्या पोरीच्या.

मैत्री: आजोबा, एक सांगू? ऑक्टोबरपासून एकही काम चुकलेलं नाही. एकदाही नाही. ते मी मेलमध्ये लिहिलंच नाही.

भीमराव: ते काय मला सांगतेस? तिथं लिही.

मैत्री: 'पण'च्या पुढचं सगळं काढते. आता लिहिते, 'चार महिन्यांत एकही काम चुकलेलं नाही. या टीमवर अवलंबून राहता येईल. वीज जाईल तेव्हा मी आहे.' बास?

भीमराव: शेवटचं वाक्य बघून लिही. जमणार असेल तरच. नाहीतर लोक त्या भरवशावर काठावर थांबतात.

मैत्री: जमेल. चार महिने जमलंय.

चंपा: आन् ते लीड?

मैत्री: राहिलं. क्लायंट ऐकेलच असंही नाही, आजी. पण मला विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, एवढं तरी होईल. ही बघ, पाठवली.

भीमराव: आता फोन. तिथं किती वाजले?

मैत्री: सकाळचे साडेदहा-अकरा. वीज असली तर उचलेल.

भीमराव: मैत्री, ती सोहिनी 'आशी' म्हणते, तेव्हा तुम्ही उलट काय म्हणता?

मैत्री: 'एशो.' म्हणजे 'ये.'

भीमराव: एवढंच?

मैत्री: एवढंच.

भीमराव: एशो. एक शब्द. तोही आपल्याच घरातला.

मैत्री: मी गॅलरीत जाऊन बोलते. येते हं, आजोबा.

भीमराव: ये.